फ्रीजमधली ऊब

८ एप्रिल, बुधवार

रस्त्यापलीकडच्या शालूबाई मागच्या दारानं आल्या. काखेत काळी कोंबडी. म्हणाल्या, खुडूक झालीया, आठ दिस झालं खुराड्यातनं उठंना. खाली अंडं न्हाई काय न्हाई, नुसती मातीवर फुगून बसलीया. पाण्यात बुडवून काढली तरी परत तिथंच. आणि मग एकदम – वाजिदभाऊंनी ती मशीन केली हुती, ती पडूनच हाय न्हवं? अंडी मी देते. पिलं निम्मी तुमची, निम्मी माझी. बघता का करून?

मी हो म्हटलं. विचार न करता! गेल्या साडेतीन महिन्यांत 'करता का' असं मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे 'कशी आहेस' विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत मान खाली घालतात.

अम्मा नमाजाच्या चटईवर, जानमाजवर बसल्या होत्या. माझ्या सासूबाई. त्यांच्या हातातली तसबीहची माळ थांबली, कोंबडीकडे बघितलं, परत सुरू झाली. नको म्हणाल्या नाहीत. हो पण म्हणाल्या नाहीत.

आज इद्दतीचा एकशे सातवा दिवस. नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईनं त्याच्याच घरात राहायचं, गरजेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एक मेला संपेल. दोन तारखेला माझा भाऊ दानिश गाडी घेऊन येणार, मला सांगलीला न्यायला. ठरलंय. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला माहीत नाही. मी तेव्हा भिंतीला टेकून बसलेले असणार.

९ एप्रिल, गुरुवार

मशीन म्हणजे जुना फ्रीज. वाजिद घराला लागूनच्या दुकानात फ्रीज-कूलर दुरुस्त करायचे. कुणीतरी टाकून दिलेला फ्रीज त्यांनी आणला, आतलं सगळं काढलं, चार बल्ब बसवले, एक छोटा पंखा, आणि दारावर लाल आकड्यांचा डबा. गार करायच्या पेटीत ऊब भरायची – याचं त्यांना फार हसू यायचं. चालू करून बघणार होते. डिसेंबरच्या बावीस तारखेला दुकानातच छातीत दुखलं. एक्केचाळीस वर्षांचे होते.

या वहीची पहिली तीन पानं त्यांची आहेत. '३७.५ ते ३७.८. एकवीस दिवस. अंडी रोज तीन वेळा फिरवणे. अठरा दिवसांनंतर फिरवू नये, पाणी वाढवणे.' एवढंच. पुढची पानं कोरी होती. मी मराठी शाळेतली, बारावीपर्यंत शिकलेली. अम्मा मराठी बोलतात, पण त्यांना वाचता येतं फक्त उर्दू. म्हणून इथं काहीही लिहिता येतं.

चाळीस अंडी मशीनमध्ये, बारा काळीखाली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एकीकडे फुली, दुसरीकडे गोल, म्हणजे कुठलं फिरवलं ते कळतं. संध्याकाळी पाच वाजता बटण दाबलं. चारही बल्ब लागले! पंखा थोडा घासतोय. मी तिथंच फरशीवर बसून राहिले, सूर्यास्ताची, मगरिबची अजान होईपर्यंत.

११ एप्रिल, शनिवार

दुकानाला पत्रा आहे. दुपारी एक वाजता बल्ब आपोआप बंद झाले तरी आकडे चढतच राहिले. ३८.४. ३८.९. वाजिदनी ही थंडीत बनवली. ऊब द्यायची कशी ते त्यांनी केलं, काढून कशी घ्यायची ते राहूनच गेलं. मी दार किलकिलं करून पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. हात भरून आले.

अम्मा दारात येऊन उभ्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, माझ्या खोलीत आणा. तिथं स्लॅब आहे, मागं कडुलिंब आहे.

शालूबाईंचे मालक लालासाहेब – मिलिटरीतून रिटायर झालेले – आणि त्यांचा एक पाहुणा फ्रीज उचलायला आले. आम्ही अंडी आधीच रजईत काढून ठेवली होती. मी आतल्या खोलीत, दार लावून – इद्दतीत परक्या पुरुषांसमोर यायचं नाही. फटीतून दोघांचे पाय दिसत होते आणि मधे फ्रीज. उंबऱ्याशी पंख्याची वायर लोंबत होती, पायात येणार होती. मी अम्मांना हळूच सांगितलं, अम्मांनी लालासाहेबांना सांगितलं. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याची मशीन, आणि मी फटीतून बघतेय.

आता एका खोलीत अम्मांचा पलंग, माझी सतरंजी, फ्रीज आणि कोपऱ्यात वेताच्या डालग्याखाली काळी. पाय पसरायला जागा नाही.

१२ एप्रिल, रविवार

दानिशचा फोन. दर रविवारी येतोच. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आता थोरल्यासारखा बोलतो. सांगलीत विश्रामबागला कॉलेजच्या समोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नाआधी मी तिथं मराठी टायपिंग करायची. आज म्हणाला, आपा, मिरजेचे एक आहेत, बायको वारली, मुलींची लग्नं झालीत, शांत माणूस. घाई नाही, पण कानावर घालून ठेवतो.

कानावर घातलं. कानातच राहिलं. वाजिदचा शर्ट अजून खुंटीवर आहे.

अम्मा समोरच तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकलं. एक खडा काढला, बाजूला ठेवला.

१४ एप्रिल, मंगळवार

दुकानात ४२. अम्मांच्या खोलीत ३६. मशीनमध्ये ३७.७. सध्या घरातली सगळ्यात बरी हवा अंड्यांना आहे म्हणायची.

१६ एप्रिल, गुरुवार

सातवा दिवस. आज अंडी तपासली. न्हाणीघरात अंधार केला, मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. पहिलं – काहीच नाही, नुसता पिवळा उजेड. दुसरंही तसंच. माझं अवसान गळालं. तिसऱ्यात लाल शिरा! कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मधे एक काळा ठिपका, तो हलला. खरंच हलला.

मी अम्मांना हाक मारली. गुडघे धरत धरत आल्या, माझ्या खांद्यावर हात टेकून वाकून बघितलं. किती वेळ बघत होत्या. म्हणाल्या, वाजिदच्या वेळी मला असलं काही कुणी दाखवलं नव्हतं.

मग आम्ही दोघी त्या अंधारात उरलेली अंडी एकेक करून बघत राहिलो. मोबाइल तापला तेव्हा बाहेर आलो.

नऊ अंडी रिकामी निघाली. मशीनमध्ये एकतीस राहिली.

१९ एप्रिल, रविवार

आज फोन उचलला नाही. परत आला, तो अम्मांनी उचलला. "हां बेटा, ठीक आहे. हां. हां." एवढंच. मला दिला नाही, मीही मागितला नाही.

नीट लिहून बघते. दानिशला मी तिकडं हवी, कारण बहीण विधवा होऊन सासरी राहिली तर लोक त्याला बोलतील. अम्मांना मी इथं हवी. त्या तोंडानं म्हणत नाहीत, पण गुडघ्यांनी म्हणतात, डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय त्यानं म्हणतात. वाजिद एकुलता एक. त्या स्वतः सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाल्या, वाजिद दोन वर्षांचे होते. तेव्हापासून याच दोन खोल्या. त्यांनी काढलं तसं मीही काढावं, असं त्यांना वाटत असणारच. न बोलता बसलेल्या माणसाशी भांडता पण येत नाही!

आणि मला काय हवंय? मला वाटतं, एकदा कराडच्या एसटी स्टँडवर जाऊन नुसतं उभं राहावं. पाट्या वाचाव्यात. कुठल्याच गाडीत बसू नये. पण आपण उभे आहोत हे कुणाला माहीत नसावं.

तेवढ्यासाठी सुद्धा कारण लागेल.

२० एप्रिल, सोमवार

काळी दोन दिवस अन्नाला उठली नाही. चोच उघडी टाकून धापा टाकते. डालगं काढून खिडकीखाली ठेवली, पाण्याची वाटी चोचीला लावली, तेव्हा प्याली. शालूबाई म्हणाल्या, उनाचं अंड्यावरची कोंबडी वाळून काटूक हुती, तिला हातानं उठवायची, न्हाईतर बसल्या जागी मरंल पर उठायची न्हाई. रोज सकाळी आता मी तिला उचलते. छातीखालची पिसं गेलीत, कातडी तापलेल्या तव्यासारखी. मला टोचते. मी ओरडते. अम्मा हसल्या – आज पहिल्यांदा.

२४ एप्रिल, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. काल काय झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर डोक्यात फिरतंच राहील.

सकाळी अकराला लाइट गेली. बाहेरच्या रस्त्याची डीपी जळाली होती. वायरमनचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, संध्याकाळ होईल. लाल आकडे गेले, म्हणून मी आत काचेचा थर्मामीटर ठेवला. बाराला ३८.६. पिलं आतून मोठी झाली की त्यांची त्यांचीच ऊब तयार होते, ते मला माहीत नव्हतं. दार उघडलं तर खोलीतच ३९. ओली पोती टाकली, अंड्यांवर कोमट पाणी शिंपडलं. एक वाजता ३९.५. वाजिदच्या पानावर याच्यापुढं काहीच लिहिलेलं नाही.

शालूबाईंना फोन केला. त्या लालासाहेबांबरोबर कडेगावला लग्नाला गेल्या होत्या. म्हणाल्या, आवं आमच्या घरात इन्व्हर्टर हाय, कूलर हाय, आतली खोली गार असती. चावी मीटरच्या पेटीत. न्या तिकडं सगळी.

त्यांचं घर रस्त्यापलीकडं. शंभर पावलं असतील. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

अम्मा म्हणाल्या, जा. जीवांचा प्रश्न आहे, दिवसाउजेडी गरजेला जाता येतं. कुणी बोललं तर मी आहे.

मी बुरखा घातला. अर्धी अंडी टोपलीत घेतली, टॉवेलात गुंडाळून. दाराची कडी काढली. ऊन तोंडावर आलं.

आणि मला जाता येईना.

का ते मला अजून सांगता येत नाही. बावीस डिसेंबरला याच दारातून वाजिदना बाहेर नेलं होतं, मी मागं धावले होते, एका पायात माझी चप्पल, एका पायात त्यांची. सगळी गल्ली दोन्ही बाजूंना उभी होती. काल गल्ली रिकामी होती, तरी मला सगळे उभे दिसत होते. पाय उंबऱ्यापाशीच राहिला. चार महिने मी या दाराला मनात शिव्या घातल्या. उघडून दिलं तर माझ्याच्यानं बाहेर पडवेना!

अम्मांनी एक मिनिट बघितलं. मग माझ्या हातातली टोपली घेतली. "सरक."

मी सरकले. हे लिहायची लाज वाटते, पण सरकले. सदुसष्ट वर्षांची बाई, डांबर वितळायच्या उन्हात, डोक्यावर नुसता पदर, हातात टोपली. मी खिडकीतून बघत होते. एक पाय टाकला की थांबायच्या, मग दुसरा. त्यांनी कुलूप काढलं, आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी उरलेली पंधरा अंडी काढून परातीत ठेवली, दुसऱ्या खेपेला. मग दिसल्या. रस्त्याच्या मधोमध आल्या, थांबल्या, डोळ्यांवर हात धरला, आणि बसल्या. रस्त्यातच. मग कलंडल्या.

मी कधी पोचले मला माहीत नाही. बुरखा आधीच काढून टाकला होता, डोक्यावर ओढणी नव्हती, पाय अनवाणी. डांबरानं तळव्यांना फोड आलेत ते रात्री कळलं. त्यांचं अंग भट्टीसारखं, घाम नाही, डोळे अर्धे. मी त्यांना काखेत हात घालून शालूबाईंच्या ओसरीवर ओढत नेलं, पिंपातलं पाणी अंगावर ओतलं आणि ओरडत राहिले. मग माणसं आली. वाण्याच्या दुकानातला तानाजी रिक्षा घेऊन आला. दवाखान्यात मी शेजारी बसले. सलाईन लावलं, बर्फ लावला. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं.

संध्याकाळी सातला आम्ही घरी आलो. रिक्षातून उतरताना गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. मी तशीच, उघड्या डोक्यानं, दवाखान्याची पिशवी घेऊन. एकीनं पुढं होऊन अम्मांचा हात धरला, दुसरीनं डाळभात आणून दिला. एवढंच.

परातीतली पंधरा अंडी तिथंच राहिली होती, खिडकीच्या उन्हात. मी टॉर्चवर बघितली. एकही हलत नव्हतं.

२५ एप्रिल, शनिवार

शालूबाईंकडची सोळा परत आणून मशीनमध्ये ठेवली. सोळाच्या सोळा जिवंत. काळीखालची बारातली अकरा. ती सबंध दुपारभर अंड्यांवर पंख पसरून उभी होती म्हणे. म्हणे कसलं, मीच बघितलं होतं, पण लक्षात आज आलं.

अंडी मीच आणली. दोन खेपा. सकाळी आठला, उजेडात. पाय चालले. चालताना मोजत होते. एकशे चौदा पावलं.

२६ एप्रिल, रविवार

अम्मा पलंगावर. बोलताना धाप लागते. मी त्यांना म्हटलं, माझ्यामुळं झालं. त्यांनी डोळे न उघडता हात हलवला, नक्को. मग थोड्या वेळानं विचारलं, अंडी फिरवली का?

दुपारची अंडी त्यांनी फिरवली, पलंगाच्या कडेला बसून. फुलीवाली बाजू खाली, गोलवाली वर. मी ट्रे धरला होता. एकही ठेचलं नाही.

मला यांना सोडून कसं जाता येईल?

२७ एप्रिल, सोमवार

अठरावा दिवस. आता हात लावायचा नाही. आत दोन वाट्या पाणी जास्त ठेवलं, दार आतून घामेजलं. डॉक्टरांनी अम्मांना एकटं सोडू नका सांगितलंय. म्हणजे आता मीच सांगायला नको, डॉक्टरांनीच सांगितलं. सगळं कसं बरोबर जुळून येतं. एकेक दार आपोआप लागतं, आणि लावणारा प्रत्येक माणूस चांगलाच असतो.

२९ एप्रिल, बुधवार

सकाळी अम्मा म्हणाल्या, ऐक. मी ऐकलं. पंख्याच्या घासण्यात काही कळेना. त्या म्हणाल्या, तो नाही, त्याच्या आतला. मी फ्रीजच्या दाराला कान लावला. चीं! बारीक. अंड्याच्या आतून.

डोळ्यांना कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत त्यांचे.

३० एप्रिल, गुरुवार

पहिलं पिलू सकाळी सहाला. ओलं, चिकट, मान टाकून पडलेलं. मला वाटलं मेलं. अर्ध्या तासानं उठून बसलं. दुपारपर्यंत मशीनमध्ये तेरा! काळीखाली नऊ. एकानं कवचाला भोक पाडलं आणि तिथंच थांबलं, चोच दिसायची, पुढं काही नाही. मला राहवेना, मी नखानं कवच सोलायला गेले. शालूबाईंनी हात धरला. आवं, त्येला त्येचं फोडू द्या. रगात हाय त्येच्यात अजून, वडलं तर मरंल. मी हात मागं घेतला. ते संध्याकाळी चारला निघालं. चौदावं.

दोन फुटलीच नाहीत.

मशीनमधली पिलं काळीनं घेतली पाहिजेत, नाहीतर त्यांना ऊब कोण देणार. भर उजेडात एक खाली सारलं तर तिनं टोचून बाहेर काढलं. शालूबाई म्हणाल्या, दिस बुडल्यावर बघू. मगरिबनंतर खिडकीला चादर लावली आणि मी एकेक पिलू मुठीत धरून तिच्या पोटाखाली सोडत गेले. अम्मा पलंगावरून मोजत होत्या. चौदा झाली तरी ती गप्प. मग गळ्यातून एक वेगळाच आवाज काढला तिनं, घरघर, आणि पंख आणखी पसरले. तिला मोजता येत नसेल. किंवा येत असेल आणि चालत असेल.

अम्मा रडत होत्या.

१ मे, शुक्रवार

इद्दत संपली. सकाळी न्हाले, निळा ड्रेस घातला, तो ढगळ होतो आता. अम्मांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून दुआ केली. मी अंगणात गेले, मग रस्त्यावर, मग वाण्याच्या दुकानापर्यंत. साखर घेऊन परत आले. असं वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. ऊन होतं.

दुपारी दानिशला फोन करून सांगून टाकलं. येऊ नकोस. अम्मांना एकटं सोडता येत नाही. मिरजेच्या माणसाला नाही म्हणून कळव, त्याबद्दल मला राग नाही, पण नाही. तो म्हणाला, विचार कर आपा. मी म्हटलं, केला.

फोन ठेवला. बरं वाटायला हवं होतं. मी स्वतः ठरवलं, पहिल्यांदा. पण छातीवर कुणीतरी परात पालथी घातल्यासारखं झालं. मी आता अडतीस. अम्मांसारखं निघालं तर आणखी तीस वर्षं. या खिडकीतून कडुलिंब दिसतो आणि शेजारची भिंत.

अम्मांना सांगितलं नाही अजून. त्यांना कळलंच असेल, ऐकू नीट येतं.

२ मे, शनिवार

गाडी पेठ नाक्याला थांबलीय. दानिश चहा आणायला गेलाय. मी गाडीत.

तो सकाळी नऊलाच दारात. मी चिडले, येऊ नको म्हटलं होतं ना? तो म्हणाला, तू नको म्हणालीस. अम्मांनी ये म्हटलं. काल रात्री परत फोन केला त्यांनी. पहिला तर डिसेंबरातच केला होता, वाजिदभाई जाऊन चार दिवस झाले तेव्हा. तुला न्यायचं माझं नव्हतंच आपा, त्यांचं होतं. मिरजेचं तेवढं माझं.

मी अम्मांकडे बघितलं. त्या पिलांना पाणी ठेवत होत्या. मान वर केली नाही. "मला न्यायला पण भाऊ आला होता. सासूनं दारातूनच परत लावला. मी पण गप्प बसले. एकोणचाळीस वर्षं झाली."

मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर माझं तोंड बघून राहिली असतीस."

आणि दानिशला म्हणाल्या, लग्नाचं नाव काढायचं नाही. दुकानात काम दे तिला. उभं राहायचं काम दे.

माझी बॅग भरलेली होती. अम्मांनी कधी भरली कोण जाणे. दिवसा येऊन-जाऊन बघायला आणि रात्री सोबतीला शालूबाई येणार आहेत, तेही ठरवून ठेवलेलं. मी बॅग उचलली. निघताना अम्मा दारात आल्या नाहीत.

गाडीची काच खाली आहे. गरम वारा तोंडावर येतोय. दानिश म्हणाला, एसी लावतो. मी म्हटलं, राहू दे.